सतरावी नोंद

सोळानंतर एकदम अठरा आला आणि तिचं बोट कागदावर थबकलं. खरं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं. सव्वीस वर्षं ती हेच काम करत होती, आणि या काळात तिनं आकडे गायब झालेले पाहिले होते, दोनदा आलेले पाहिले होते. एका नकलेत तर शंभराच्या पुढे पुन्हा एक्क्याण्णवपासून सुरुवात होती, कारण नक्कल करणारा मधेच जेवायला उठला होता आणि पोटभर जेवून परत आला होता. चर्चच्या जुन्या वह्या, त्यांतले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, आणि त्या वह्यांच्या कुणीकुणी हाताने किंवा टाइप करून काढलेल्या नकला, हा तिचा संसार होता. लोक आपल्या पणज्याचा पणजा शोधत संस्थेत यायचे. मूळ वह्या इतक्या जीर्ण होत्या की हात लावला की भुगा, म्हणून त्यांच्यापुढे नकला ठेवल्या जायच्या. आणि कुठल्या नकलेवर किती विसंबायचं हे ही बाई ठरवायची. अ म्हणजे खुशाल विसंबा. ब म्हणजे जपून. क म्हणजे मूळ वहीचा फोटो पाहिल्याशिवाय एका अक्षरावरही विश्वास ठेवू नका. संस्थेतले लोक तिला चाळणी म्हणायचे, तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. आजही सकाळपासून ती शांतपणे चाळत बसली होती. खाली टायरच्या दुकानातला हवेचा पंप धापा टाकत होता, चहा निवला होता, आणि तपासणीच्या अर्जावर तिनं पेन्सिलनं अ लिहूनही टाकला होता. कारण ही नक्कल बाबांची होती.

हे तिनं संस्थेच्या प्रमुखांना आधीच सांगितलं होतं. माझ्या वडिलांची नक्कल आहे, दुसऱ्या कुणाला द्या. प्रमुख हसून म्हणाले होते की दुसरं कुणी दयामाया दाखवेल, तू दाखवणार नाहीस. त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. स्वतःबद्दल तिचं असं मत होतं की तिच्या नजरेतून सुटलेली चूक अजून जन्माला यायची आहे, आणि हे मत ती फारसं लपवत नसे. नवख्या शोधकांसाठी ती महिन्यातून एकदा वर्ग घ्यायची. समोर आशाळभूत चेहऱ्यांची माणसं, हातात छापील वंशावळी. ती त्यांना एका गृहस्थांची गोष्ट सांगायची. त्यांचे खापरपणजोबा नकलेनुसार वयाच्या चौथ्या वर्षी लग्नाला उभे राहिले होते. नक्कल करणाऱ्यानं वराच्या वयाच्या रकान्यात वधूच्या धाकट्या भावाचं वय घातलं होतं, आणि त्या गृहस्थांनी त्यावर घराण्याच्या इतिहासाचं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. लोक हसायचे. मग ती आवाज जरा खाली आणून सांगायची की चुकीला घाबरू नका, चुकलेला आकडा दिसतो, विसंगत वाटतो, पकडता येतो. घाबरायचं ते गाळलेल्याला. जे लिहिलंच नाही ते शोधायचं कुणी आणि कसं? म्हणून संस्थेच्या नियमावलीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की अख्खी नोंद गाळलेली असेल आणि तसं कुठेही नमूद केलेलं नसेल, तर बाकी नक्कल कितीही सोज्ज्वळ असो, शेरा क. या नियमावर समितीत बरीच वादावादी झाली होती. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले होते की बाई, हा फारच कडू नियम आहे. ती म्हणाली होती, औषध आहे.

आणि बाबा तर मुळातच गाळणाऱ्यांतले नव्हते. ते चर्चचे कारकून. चर्चच्या मागे एक अरुंद खोली, तिला एकच खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर. ओल चढायला लागल्यामुळे जुन्या वह्या दूरच्या मुख्य दप्तरखान्यात जाणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की जाण्याआधी मी नक्कल काढून ठेवतो. तीन वर्षं दर रविवारी दुपारी ते तिथे बसले. ती तेव्हा दहाबारा वर्षांची, आणि तिचं काम आकडे मोजण्याचं. पान टाइप होऊन आलं की ती पेन्सिलनं प्रत्येक क्रमांकाशेजारी टिंब द्यायची, पानाखाली बेरीज लिहायची, बाबा मूळ पानावरची बेरीज वाचायचे, आणि दोन्ही जुळल्या की ते मान हलवायचे. तेवढीच शाबासकी. घरीही ते तसेच. वाण्याकडून आणायच्या वस्तूंची यादीसुद्धा ते पुन्हा एकदा वाचून मगच देत. त्यांना एकदा तिनं विचारलं होतं की मूळ वहीतच चूक दिसली तर? समजा फादरनी बाईच्या नावापुढे चुकून मुलगा लिहिलंय? बाबा म्हणाले, "तर तसंच टाइप करायचं. नक्कल करणाऱ्याला दुरुस्तीचा हक्क नाही. तो हक्क ज्यानं मूळ लिहिलं त्याचा." हे वाक्य तिनं पुढे नवख्या शोधकांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर घातलं, बाबांचा उल्लेख न करता. म्हणजे आज ती ज्या काट्यानं बाबांचं काम मोजत होती तो काटा बाबांनीच तिला दिला होता, आणि म्हणूनच सकाळपासून तिच्या मनात काही धाकधूक नव्हती. ठरल्याप्रमाणे शंभरातल्या दहा नोंदी मूळ फोटोंशी ताडून झाल्या होत्या. दोनशेच्या वर नोंदी, एक चूक नाही, एक काना इकडचा तिकडे नाही. राहिला होता क्रमांकांचा सलगपणा. तो नुसता डोळे फिरवायचा भाग. आणि तिच्या जन्माआधी तीन वर्षं, त्या वर्षाच्या बाप्तिस्म्यांच्या पानावर, सोळा आणि मग अठरा.

तिनं फोटो उघडला. हे फोटो संस्थेच्या फोटोवाल्यानं गेल्या महिन्यात मुख्य दप्तरखान्यात जाऊन काढले होते. चांगले उजेडात काढलेले, पानाच्या कडेची सुतंसुद्धा दिसत होती. क्रमांक सतरा जिथे असायला हवा होता तिथेच होता. तिनं सवयीनं आधी मजकूर वाचला नाही, आधी हात पाहिला. वरच्या आणि खालच्या नोंदीचंच वळण, तीच फिकट निळी शाई, रेघांत बसलेलं अक्षर, मागाहून कोंबलेलं काही नाही. नोंद अस्सल. मग तिनं वाचायला घेतलं. मुलगा. नाव आजोबांचं, म्हणजे बाबांच्या वडिलांचं. पुढे वडिलांचं नाव, आणि धंद्याच्या रकान्यात, या चर्चचे कारकून. पुढे आईचं नाव. ते नाव तिनं दोनदा वाचलं. तिच्याच आईचं. शेऱ्याच्या रकान्यात फादरनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दुपारी घरी जन्म. जिवाला धोका असल्याने घरीच बाप्तिस्मा, वडिलांच्या हस्ते. सायंकाळपूर्वी मृत. वडिलांनी आज सकाळी माझ्यासमोर शब्द बिनचूक म्हणून दाखवले. ग्राह्य." खाली फादरांची सही, आणि तिच्याशेजारी बाबांची. ती सही ती कुठेही ओळखली असती. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिलेली सही.

तिला एक भाऊ होता. अर्ध्या दुपारपुरता का होईना, होता, आणि बावन्न वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं. आलं तसं तिनं येऊ दिलं, रुमाल काढला, नाक पुसलं, आणि मग लगेच तिच्यातली चाळणी कामाला लागली, कारण दुसरं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. दोन हजारांवर नोंदी करणाऱ्या माणसाच्या हातून एकच नोंद सुटते आणि ती नेमकी त्याच्याच मुलाची असते, याला चुकणं म्हणत नाहीत. पण ज्यानं गाळलं त्यानं क्रमांक पुढे का सरकवले नाहीत? अठराचा सतरा, एकोणिसाचा अठरा, वर्षाच्या शेवटापर्यंत जेमतेम चाळीस आकडे, बाबांना दहा मिनिटांचं काम. मग कुणाला कधी पत्ताच लागला नसता. त्यांनी ते केलं नव्हतं. भोक पाडलं होतं आणि उघडं ठेवलं होतं. आणि मोजणी? मोजणी तर तिनंच केलेली. पानाखाली तिच्या बालअक्षरातली बेरीज होती, बावीस. मूळ पानावर तेवीस. म्हणजे त्या रविवारी दोन बेरजा जुळल्याच नव्हत्या, आणि तरीही पान पुढे गेलं होतं. तिला आठवू लागलं की तिनं विचारलं होतं, बाबा, सतरा कुठंय? आणि बाबा उठले होते, माठाकडे गेले होते, पाणी प्यायले होते, आणि पाठमोरेच म्हणाले होते, ते राहू दे. किती स्पष्ट आठवलं हे. त्यांच्या शर्टाची मागची चुणी, पेला खाली ठेवल्याचा आवाज. पण हे आठवतंय की आत्ता या खुर्चीत बसून मी रचतेय? त्या खोलीत माठ होता तरी का? पाणी तर ती दोघं घरून बाटलीत नेत. तिनं स्वतःच्या आठवणीलाही तोच काटा लावला आणि मुकाट्यानं शेरा दिला, क. मग जरा हसूही आलं तिला, इतकी वाईट साक्ष तिनं वर्गात कुणाची खपवून घेतली नसती.

फोटोवाला दुपारी आत आला तो पुढच्या वहीचे फोटो द्यायला. तिचे डोळे पाहून तो खुर्ची ओढून बसला, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, कारण तो पोटात ठेवणारा माणूस होता. त्यानं फोटो पाहिला, नक्कल पाहिली, पेन्सिलीतला अ पाहिला.  मग म्हणाला की शुक्रवारी नक्कल लोकांसाठी खुली होणार आहे, अजून तीन दिवस आहेत, सतरा क्रमांक टाइप करून घालून टाका, कोण विचारतंय. तो हे वाईट बुद्धीनं म्हणत नव्हता. तिच्या बाबांना क मिळणार म्हणून त्यालाच वाईट वाटत होतं. ती म्हणाली की मग ती बाबांची नक्कल राहणार नाही, माझी होईल. तो म्हणाला, "ताई, दोन हजारांत एक." ती म्हणाली, "एकच. म्हणूनच." आणि रबर घेऊन तिनं पेन्सिलीतला अ पुसला. पण क लिहिला नाही. आपल्याच नियमापुढे हात अडावा याचा तिला राग आला. नियमाबद्दल तिला शंका नव्हती. तिची अडचण एवढीच होती की प्रत्येक गाळलेल्या नोंदीबरोबर अर्जावर एक रकाना भरायचा असतो, गाळण्याचं कारण, ज्ञात असल्यास. तिथे ती सहसा "अज्ञात" लिहून मोकळी व्हायची. आज ज्याला कारण ज्ञात असेल असं एक माणूस जिवंत होतं आणि बसनं वीस मिनिटांवर राहत होतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून आईबद्दल विचार करू लागली. आई एक्क्याऐंशीची. डोकं लख्ख, कान लख्ख, फक्त जिने चढउतर नको म्हणते. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. तशी दोघांत भांडणं कधी नव्हतीच, लोक नाव घेत या जोडप्याचं. पण तिला आता जाणवू लागलं की भांडण नव्हतं तसं आणखीही काही नव्हतं. जेवताना आई त्यांना वाढायची, ते जेवायचे, आई नंतर जेवायची. ते काही सांगायला लागले की आई ऐकायची, पण उठून काहीतरी करत ऐकायची. हे नेहमीच असं होतं का? की अगदी लहानपणचं एक दृश्य, दोघं खिडकीत बसून कशावर तरी हसताहेत, आईनं बाबांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आहे, ते खरं? ते मग कधी थांबलं? बस एका लॉन्ड्रीसमोर थांबली. काचेआड गरम इस्त्रीची वाफ, एक बाई चादरीची घडी घालत होती, चारी कोपरे जुळवून, एकटीच, हनुवटीखाली धरून. ती आत पाहत राहिली. आईला काय आणि कसं विचारायचं याची तिनं तालीम केली नाही. एकच गोष्ट पक्की ठरवली, ती तिच्या कामातली होती. साक्षीदाराला कागद आधी दाखवायचा नाही. कागद पाहिला की माणसाला कागदातलंच आठवायला लागतं. आधी सांगू द्यायचं, मग दाखवायचं.

आई पलंगावर बसून जुन्या चादरीची फडकी कापत होती. कात्री मोठी, हात किंचित थरथरणारे, पण रेघ सरळ. आज मंगळवारी कशी आलीस, असं म्हणून तिनं पाय आखडून जागा करून दिली. लेकीनं चहा केला, दोघींनी घेतला, लिफ्ट बंद असल्याबद्दल आईनं सोसायटीच्या चिटणिसाचा उद्धार केला. मग लेकीनं सरळ विचारलं की माझ्याआधी तुला एक मुलगा झाला होता का. आईनं कात्री खाली ठेवली नाही. तो तुकडा शेवटपर्यंत कापला, घडी घालून ढिगावर ठेवला, आणि मग म्हणाली, "कोणी सांगितलं तुला?"

"वहीत सापडला."

"वहीत नाहीये तो. मी पाहिलंय."

 कुठली वही, असं लेकीनं विचारलं, आणि आईनं सांगितलं ते असं. बाबांनी नक्कल पुरी करून बांधून घेतली, तेव्हा आठवडाभर ती घरात होती, कपाटावर. मूळ वही आईनं कधी पाहिली नव्हती. ती कुलपात असायची आणि ती मागायचं धाडस तिला झालं नव्हतं. पण ही तर घरातच आली. बाबा कामावर आणि लेक शाळेत गेल्यावर तिनं ती खाली काढली, हात धुऊन, पुसून, ते वर्ष उघडलं, आणि बोटानं खाली खाली येत गेली. पंधरा, सोळा, अठरा. तिनं पान उलटून मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग वही जागच्या जागी ठेवली आणि संध्याकाळचा स्वयंपाक केला. त्यावर अवाक्षर बोलली नाही, ना तेव्हा, ना नंतरच्या अठ्ठावीस वर्षांत, बाबा जाईपर्यंत. लेक विचारत होती की पण का, बोलली का नाहीस, आणि आई चादरीचा पुढचा पट्टा मांडीवर ओढत सांगत होती.

"नर्स डॉक्टरांना आणायला धावली. बाळ निळं पडत चाललेलं. हे दारात उभे. मी म्हटलं, अहो, तुम्हाला शब्द पाठ आहेत, द्या ना त्याला बाप्तिस्मा. ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. चौकट धरून नुसते उभे. मग मीच दिला. उशाशी पेला होता, त्यातलं पाणी घेतलं. शब्द म्हटले. लग्नाआधी शिकवलेले, अडीअडचणीला कुणीही देऊ शकतं म्हणून. पण पाणी उष्टं होतं गं. मी प्यायले होते त्यातलं. दुसरं आणायला उठता येत नव्हतं." ती थांबली. "वहीत नाही म्हटल्यावर मला कळलं. धरला नाही तो. फादरनी धरला नाही, की ह्यांनीच सांगितलं नाही, देव जाणे. बाप्तिस्म्याविना मूल चर्चच्या आवारात पुरत नसत. तरी ठेवू दिलं ते कारकुनाचं मूल म्हणून दया केली असणार. ह्यांना विचारलं असतं तर हे खरं बोलले असते. तेच ऐकायचं नव्हतं मला."

 अठ्ठावीस वर्षं, आणि वर ही अकरा. एका टाइप केलेल्या पानावर विसंबून. वर्गातल्या त्या आशाळभूत चेहऱ्यांना ती जे घसा कोरडा करून सांगायची, ते सांगायला आपल्याच घरात कुणी नव्हतं. नकलेत नाही म्हणजे मुळात नाही असं नसतं, आई. पण हे म्हणायला ती आली नव्हती. तिनं पिशवीतून फोटोचा छापलेला कागद काढला. आईनं चष्मा मागितला, मग नको म्हणाली, तूच वाच म्हणाली. आणि इथे लेकीला एक क्षण मोह झाला, खोटं बोलण्याचा, तिच्या उभ्या आयुष्यातला पहिला आणि अगदी छोटा. एकच शब्द बदलायचा होता. वडिलांच्या ऐवजी आईच्या. आई तो कागद पुन्हा कधी पाहणार नव्हती. बाबांचं वाक्य तिला आठवलं असंही नाही, नुसती जीभ वळली नाही. तिनं जसं होतं तसं वाचलं. मुलगा. नाव आजोबांचं. घरीच बाप्तिस्मा, वडिलांच्या हस्ते. शब्द बिनचूक म्हणून दाखवले. ग्राह्य. खाली दोन सह्या.

"परत वाच," आई म्हणाली. तिनं परत वाचलं. "वडिलांच्या हस्ते?" आईनं विचारलं, आणि लेक हो म्हणाली. आईनं कात्री बाजूला ठेवली. तिचे ओठ हलत होते, ते शब्द म्हणत असावी. "फादर कडक होते ते," ती शेवटी म्हणाली, "बायकांनी दिलेला बाप्तिस्मा म्हटलं की शंभर प्रश्न. शब्द बरोबर होते का, शुद्धीवर होती का, पाणी कसलं. मी तर अंथरुणात. मला विचारायला आले असते तर मी सांगितलं असतं ना उष्टं म्हणून." आणि मग एकदम, रागानं, खऱ्या रागानं, "मग मला सांगायला काय झालं होतं ह्यांना? एवढं जाऊन माझे शब्द म्हणून दाखवले त्यांच्यापुढं. घरी येऊन एक शब्द नाही."

लेकीला आता सगळं दिसत होतं, आणि यातलं काहीही सिद्ध करता येणार नाही हेही दिसत होतं. एक माणूस दारात गोठून उभा राहतो. बायको जे करते ते तो ऐकतो, शब्दन् शब्द. दुसऱ्या दिवशी ते मूल धरलं जावं म्हणून तो फादरपुढे तेच शब्द म्हणतो आणि मी केलं असं सांगतो, सही करतो. आयुष्यातली एकुलती एक खोटी सही. मग त्या चौकटीत उभं राहिल्याची लाज आणि या सहीची लाज, दोन्ही बायकोसमोर काढायची कशी? आणि सोळा वर्षांनी एका रविवारी तीच नोंद त्याच्यापुढे येते. जशी आहे तशी टाइप करायची तर पुन्हा तेच खोटं, या वेळी स्वच्छ टाइपात. दुरुस्त करायची तर हक्क नाही. मूळ लिहिणारे फादर तर केव्हाच गेले. तेव्हा तो टाइपरायटरची पुढची कळ दाबतो, अठरा. तिनं आयुष्यभर गाळणाऱ्यांना सर्वांत खाली ठेवलं होतं. आणि इथं एकाच पानाच्या दोन प्रती होत्या, मुळातलं लिहिणं खोटं होतं आणि नकलेतलं गाळणं खरं. तिला बाबांची अतोनात माया आली, आणि ते समोर असते तर ती त्यांच्यावर ओरडलीही असती.

यातलं जेवढं सांगता आलं तेवढं तिनं आईला सांगितलं, माझा अंदाज आहे असं दोनदा म्हणून. आई ऐकत होती, या वेळी जागेवर बसून ऐकत होती. मग तिनं विचारलं की आता तू ह्यांच्या कामाला काय शेरा देणार. लेकीनं सांगितलं, क. आई म्हणाली की बरोबर आहे, नाही लिहिलं म्हणजे नाही लिहिलं, माझी काय दशा झाली. आणि थोड्या वेळानं, "आणि त्या मूळ वहीला काय शेरा?"

"मूळ वहीला शेरा नसतो, आई."

"असायला हवा," आई म्हणाली.

लेक हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की उद्या समितीपुढे ती हे मांडणार आहे, आणि मुख्याध्यापक पुन्हा म्हणतील, बाई, फारच कडू. तिनं पिशवीतून अर्ज काढला. त्याच्या पाठीमागे एक जागा असते, क्वचितच कुणी वापरलेली. मूळ नोंदीविषयी प्रत्यक्ष माहिती असणारं माणूस हयात असेल तर त्याचं निवेदन. सव्वीस वर्षांत तिनं ती जागा दोनदा भरली होती. तिनं पेन उघडलं आणि आईला म्हणाली की तू सांग, मी लिहिते, तुझेच शब्द. आईनं चष्मा लावला, जणू तीच लिहिणार होती, आणि सावकाश सांगू लागली. मूल माझं. बाप्तिस्मा मी दिला. पाणी मी घातलं, शब्द मी म्हटले. पाणी उष्टं होतं.

"तेही लिहू?"

"तेही. झालं तसं लिही."

तिनं लिहिलं. खाली आईनं सही केली, पूर्ण नावानं, आणि कागद लेकीकडे सरकवला. साक्षीदाराचा रकाना रिकामा होता. लेक तिथे "कुणी नाही" लिहायला वाकली तेव्हा आईनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिथं ह्यांचं नाव घाल," ती म्हणाली. "दारात उभे होते. सगळं ऐकलंय त्यांनी."